साधं एपीएफसी, डीट्यून्ड पॅनेल की ॲक्टिव्ह फिल्टर?

महावितरणच्या एचटी (उच्चदाब) ग्राहकांचं बिल एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर येतं, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या विजेसोबत रिॲक्टिव्ह वीजही त्यात धरली जाते. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा) घसरला की युनिटच फुगतात, कपॅसिटर जास्त होऊन तो लीडिंगला गेला तरीही. म्हणून तो सुधारणारं पॅनेल निवडताना घाई नको.

साधं एपीएफसी (लोडप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारं पॅनेल) सगळ्यांत स्वस्त. 100 किलोवॉटचा लोड 0.80 वरून 0.99 वर न्यायला सुमारे 61 केव्हीएआरचे (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) कपॅसिटर पुरतात. 415 व्होल्टला करंट 174 अँपिअरवरून 141 वर येतो आणि पॅनेलपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या केबलमधला तोटा जवळपास एक तृतीयांशाने घटतो. वर्कशॉपमध्ये थेट चालणाऱ्या मोटरच असतील, तर याच्यापुढे खर्च करू नका.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) वाढल्या की मात्र गणित बदलतं. नेहमीची व्हीएफडी 250 आणि 350 हर्ट्झचे हार्मोनिक (50 हर्ट्झच्या पटीतले नको असलेले करंट) सोडते. ट्रान्सफॉर्मर 500 केव्हीएचा, इम्पीडन्स (अंतर्गत अडथळा) 5 टक्के, आणि 200 केव्हीएआर कपॅसिटर चालू असतील, तर रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून हार्मोनिक वाढवतात) नेमका 350 हर्ट्झच्या आसपास येतो. कपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात. वायरमन नवे टाकतो, तेही फुगतात. दोष कपॅसिटरच्या कंपनीचा नसतो.

इथे 7 टक्के रिॲक्टरचं (कपॅसिटरसोबत सीरिजमध्ये जोडलेल्या कॉइलचं) डीट्यून्ड पॅनेल घ्यावं. त्याचं ट्यूनिंग 189 हर्ट्झला, पाचव्या हार्मोनिकच्या (250 हर्ट्झ) खाली असतं, म्हणून रेझोनन्सचा धोका टळतो. रिॲक्टरमुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज 415 वरून 446 च्या घरात जातं. जुनेच 440 व्होल्टचे कपॅसिटर वापरून पैसे वाचवू, असं कोणी म्हटलं तर साफ नाही म्हणा. 480 किंवा 525 चेच मागा. बहुतेक मिश्र लोडच्या वर्कशॉपना मी हेच सुचवेन.

पण डीट्यून्ड पॅनेल हार्मोनिक फारसे काढत नाही. ते काम ॲक्टिव्ह फिल्टरचं: तो करंट मोजून उलटा करंट सोडतो. किंमत कितीतरी पट, त्यामुळे आधी भर उत्पादनाच्या आठवड्यात पॉवर ॲनालायझर लावून हार्मोनिक किती आहेत ते मोजून घ्या. स्पॉट वेल्डिंगसारखा क्षणाक्षणाला बदलणारा लोड असेल तर गोष्ट वेगळी. तोडलेला कपॅसिटर पुन्हा जोडण्याआधी डिस्चार्ज व्हायला मिनिटभर लागतो, तेवढ्यात लोड येऊन गेलेला असतो, म्हणून कॉन्टॅक्टरचं (यांत्रिक स्विचचं) पॅनेल तिथे मागे पडतं. तिथे थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक) स्विचिंग किंवा एसव्हीजी (क्षणात रिॲक्टिव्ह वीज देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) हवं.

यातलं काहीही मागवण्याआधी तिन्ही फेजवर क्लॅम्प मीटर लावून लोड सारखा आहे का ते बघा. व्होल्टेजमध्ये 1 टक्का असमतोल असला तरी मोटरच्या करंटमध्ये तो 6 ते 10 टक्के होऊ शकतो, आणि मोटर तापते. सिंगल फेजचे लोड नीट वाटून द्यायला वायरमनच्या मजुरीपलीकडे खर्च नाही.