पतपेढी, बचत गट की दारात येणारं कर्ज? दिघ्यातल्या तीस हजारांचा हिशेब

नवी मुंबईतल्या दिघ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी पोहे-उपमा विकतात. पहाटे पाचला शेगडी पेटते, साडेनऊला गाडी धुऊन उभी. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन सुरू झालं आणि त्यांचं गिऱ्हाईक वाढलं. जुन्या गाडीचं एक चाक कायम रुसलेलं. "भाऊ, नवी गाडी, मोठी शेगडी, भांडी धरून तीस हजार लागतायत. घेऊ कुठून?" मी दहा वर्षं एका पतपेढीत खतावणी लिहिली, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. आमच्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मावशींच्याच जागी असलेल्या कोणालाही उपयोगी पडेल म्हणून तो हिशेब इथे मांडतो.

आधी आकडे, कारण सगळे दर ऐकायला सारखेच वाटतात. तीस हजार, बारा महिने, दरमहा अडीच हजार मुद्दल फेडायची असं धरू. माझ्या पतपेढीत दर १४ टक्के होता, उरलेल्या रकमेवर. वर्षाचं व्याज २,२७५ रुपये. बचत गटात महिना दोन टक्के, तेही उरलेल्या रकमेवर: ३,९०० रुपये. तेच "वर्षाला २४ टक्के" कोणी फ्लॅट सांगितलं, म्हणजे मुद्दल फिटत गेली तरी व्याज पहिल्या दिवसाच्या तीस हजारांवरच, तर ७,२०० रुपये. दर तोच, व्याज जवळजवळ दुप्पट. आणि बाजारातला महिना दहा टक्क्यांचा सावकार? त्याचं नुसतं व्याजच वर्षाला ३६,००० आणि मुद्दल जागच्या जागी. राज्यातल्या परवानाधारक सावकाराला बिनतारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. महिन्याला दहा मागणाऱ्याकडे परवाना आहे का, हे विचारायचीही गरज नाही.

आकड्यांवर गेलं तर पतपेढी जिंकते. पण मावशींना तिथे आज कर्ज मिळेल का? नाही.

पतपेढी म्हणजे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली, सभासदांच्याच पैशावर चालणारी संस्था. कर्ज फक्त सभासदाला. सभासद व्हायला शेअर घ्यायचा, शिवाय कर्ज मंजूर झालं की त्यातले काही टक्के शेअर म्हणून कापून ठेवतात. आमच्याकडे पाच टक्के कापायचे, म्हणजे तीस हजारांतले दीड हजार हातात येतच नाहीत. ते बुडत नाहीत, त्यावर लाभांश मिळतो, पण गाडीवाल्याला द्यायचे पैसे तेवढे कमी पडतात. हा खड्डा आधी धरून चाला.

खरी अडचण मात्र जामीनदाराची. अर्जाच्या मागच्या पानावर दोन चौकटी असतात, जामीनदार क्रमांक १ आणि २. दोघांची पगारपत्रकं जोडा. आमच्या गल्लीत पगारपत्रक कोणाकडे? कंपनीत ठेकेदारामार्फत लागलेल्या पोरांना पैसे खात्यात येतात, कागद येत नाही. एकदा एक भाजीवाली बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सात वर्षांची पिग्मीची, म्हणजे रोजच्या बचतीची, पुस्तकं घेऊन आली होती. एक दिवसाचा खाडा नाही. मॅनेजरांनी पुस्तकं चाळली, कौतुक केलं आणि "पगारपत्रक नाही ना" म्हणून अर्ज परत दिला. मी शेजारच्या टेबलावर होतो. गप्प बसलो, ते आजही सलतं.

ती अट कायद्यातली नव्हती. संस्थेच्या स्वतःच्या कर्ज नियमावलीतली होती. नियमावली बदलायला संचालक मंडळावर दबाव लागतो आणि तो आणायची जागा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, जी ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिथे एका सभासदाला एकच मत, शेअर दहा असोत की हजार. पण कर्जासाठी पटकन "नाममात्र सभासद" करून घेतात, त्यांना मतच नसतं. शेअरची पावती हातात आली की त्यावर काय लिहिलंय ते वाचा. पतपेढ्या वस्तीत पोहोचत नाहीत अशी ओरड आपण करतो, पण वस्तीतल्या माणसाला नाममात्र ठेवलं की नियमावली पगारदारांच्याच सोयीची राहते.

पगारपत्रकाशिवाय कर्ज देणं अशक्य आहे असंही नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांसाठी. एकमेकींच्या हमीवर त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पन्नास वर्षं झाली याला.

बचत गटात हीच हमी असते. मावशींचा गट बारा जणींचा, महिना दोनशे. पहिल्या वर्षी डब्यात २८,८०० जमतात, म्हणजे एकीलाच तीस हजार द्यायचे तर डबा पुरत नाही. त्यांचा गट तिसऱ्या वर्षात आहे, त्यामुळे पंधरा-वीस हजार उचलता येतात. दर पतपेढीपेक्षा महाग दिसतो, पण ते व्याज जातं कुठे? परत त्याच डब्यात, बारा जणींच्या नावावर. वर दिलेले ३,९०० ही घरातल्या घरात फिरलेली रक्कम आहे. म्हणून गटाचा दर मी कधीच दुसऱ्या कोणाच्या दराशी सरळ लावत नाही. अट एवढीच की वहीत दर बैठकीला नोंद व्हावी आणि सही करण्याआधी ती मोठ्याने वाचली जावी. वही एकीच्याच घरी राहिली की भांडणं ठरलेली.

आता एक गोंधळ. फायनान्स कंपनीच्या कर्जालाही बायका "गटाचं लोन" म्हणतात. तो बचत गट नव्हे. तिथे बचत नसते, डबा नसतो, फक्त हप्ता असतो, आणि एकीचा चुकला की बाकीच्यांच्या मागे लागतात. दर साधारण २० ते २६ टक्के, वर प्रक्रिया शुल्क आणि विमा. एवढं मान्य करतो की कागद कमी, माणूस दारात येतो आणि चार-पाच दिवसांत पैसे हातात. घरात दवाखाना निघाला तर कोणीही हेच घेईल आणि त्यात चूक नाही. पण २०२२ पासूनचे रिझर्व्ह बँकेचे नियम पाठ असू द्या: सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, आणि सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन नाहीत. एकूण वार्षिक दर लिहिलेला कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावाच लागतो. तो मागा.

भिशीबद्दल दोन ओळी. ओळखीतल्या दहा जणींची असेल तर सणासुदीला छान, धंद्याच्या भांडवलाला नाही, कारण तुमचा नंबर गाडी विकणाऱ्याच्या सोयीने लागत नाही. जनधन खातं असू द्याच: शिल्लक ठेवायची सक्ती नाही, रुपे कार्डावर दोन लाखांचा अपघात विमा. दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यात नसलेले पैसे उचलायची, सोय कागदावर आहे, पण ती मिळवायला शाखेत पाच फेऱ्या मारायची तयारी ठेवा.

मावशींसाठी सगळ्यात स्वस्त वाट मात्र वेगळीच निघाली, पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या कर्ज योजनेची. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ही योजना मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिलं कर्ज दहावरून पंधरा हजारांवर नेलं. फेडलं की पुढे पंचवीस, मग पन्नास हजार. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सात टक्के परतावा. तारण नाही. पालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. ते नसेल तर आधी पालिकेच्या कार्यालयात जा.

ठेवीचं मात्र वेगळं गणित. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतपेढीतल्या ठेवीला तो नाही. विमा असूनही पैसे अडकतात, ते २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा लोकांनी बघितलं, सुरुवातीला खात्यातून हजारच रुपये निघत होते. मग विमाच नसलेल्या ठिकाणी, दर एक-दीड टक्का जास्त आहे म्हणून, मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवायचे? मी पतपेढीत काम केलेला माणूस आहे आणि माझी मोठी ठेव बँकेत आहे. पतपेढीत कर्जापुरता संबंध ठेवा, लेखापरीक्षणाचा वर्ग (अ ते ड) विचारा, क किंवा ड ऐकलात तर उठून या. जामीनदार म्हणून सही मागायला कोणी आलं तर चहा द्या, पण सही विचार करून. वसुली जामीनदाराकडूनही होते.

तर मावशींचं असं ठरलं. पंधरा हजार स्वनिधीचे, पंधरा गटातून. आणि आत्ता गरज नसताना पतपेढीचा एक शेअर, नियमित सभासद म्हणून, सोबत रोज पन्नासची पिग्मी. पतपेढी ओळखीवर उघडते आणि ओळख व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. कर्जाच्या दिवशी पहिल्यांदा दारात गेलात तर पगारपत्रकच मागणार.

पिग्मीवाला साडेनऊला येतो. दर महिन्याला पुस्तक काउंटरवर नेऊन खात्याशी ताडून घ्या असं मी मावशींना सांगायला गेलो, तर त्यांनी पदराच्या गाठीतून मशीनच्या चिठ्ठ्यांची जुडी काढली. शाई उडते म्हणून प्रत्येकीच्या मागे बॉलपेनने तारीख आणि पन्नासचा आकडा.