शाळेची भिंत रंगवायची, पण कोणत्या शैलीत?

दिवाळी उलटली, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत शाळा रंगवायचे बेत निघतात. व्यवस्थापन समितीकडे थोडे पैसे जमलेले असतात, पेंटर ओळखीचा असतो, आणि कुणीतरी मला फोन करतं : "सर, भितीवर असं काहीतरी सांगा का लेकरं पाहतच राहिली पाहिजेत." चित्रकलेचा शिक्षक म्हणून आजवर नऊ भिंतींवर मी काम केलं. त्यातल्या तीन चुकल्या. चुकल्या त्या रंगामुळे नाही, शैली निवडताना चुकल्या. म्हणून यंदा विचारणाऱ्यांसाठी सगळं एकदा लिहून काढतो आहे.

आधी भिंत कशी आहे ते पाहू. आपल्याकडची शाळेची बाहेरची भिंत साधारण चाळीस फूट लांब आणि नऊ फूट उंच असते, पुष्कळदा पश्चिमेकडे तोंड करून उभी. मे महिन्यात तिच्यावर 45 अंशांचं ऊन, श्रावणात झड. पाया काळ्या मातीत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे भिंतीला तिरप्या भेगा जातातच. जगातली कोणतीही शैली निवडा, तिला हे सगळं सोसावं लागणार.

गावाची पहिली मागणी असते, हुबेहूब काढा. ही आवड आली कुठून, तेही समजून घ्यावं. फ्लॉरेन्समध्ये 1420च्या सुमारास ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने दूर जाणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळवायची रीत बसवली. काही वर्षांतच मासाच्चो या चित्रकाराने चर्चच्या सपाट भिंतीवर असं चित्र काढलं की भिंतीत खोल दालन उघडल्यासारखं वाटावं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकातला महालाचा पडदा आठवा : खांबांच्या रांगा मागेमागे लहान होत जातात. ती हीच युक्ती. पुढे राजा रवि वर्म्याने 1894 मध्ये छापखाना काढला आणि त्या पद्धतीची लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोहोचली. हुबेहूब चित्राला शिकलेला-न शिकलेला दोघंही ओळखतात, ही त्याची मोठी ताकद आहे.

पण हे चित्र तुम्हाला एका जागी उभं करतं. पडद्यासमोर प्रेक्षक बसून असतो. शाळेच्या भिंतीसमोरून माणूस चालत जातो, सायकलवरून जातो, लेकरं तिला पाठ लावून बसतात. शिवाय भेग. एका गावी आम्ही सावित्रीबाईंचा सहा फुटी चेहरा काढला होता, ऑइल पेंटमध्ये, छायाप्रकाशासकट. तिसऱ्या पावसाळ्यात भेग डोळ्याखालून हनुवटीपर्यंत गेली आणि पोपडे सुटले. मुलं रोज येऊन सांगायची, सर, बाईंना लागलं. शेवटी सगळं खरवडून काढावं लागलं, आणि ते खरवडताना जे वाटलं ते अजून विसरलो नाही. लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन'ही त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं आणि त्याच्या हयातीतच ते झडू लागलं. उलट मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 मध्ये सिस्टीन चॅपेलचं छत ओल्या चुन्यावर रंगवलं. तिथे चुना सुकताना रंग त्याच्यातच दगडासारखा बसतो, वेगळा थर उरत नाही, म्हणून पोपडा सुटायला काही नसतंच. पण ती पद्धत जाणणारा गवंडी आणि रोजच्या रोज ताजा गिलावा आपल्याला मिळणार नाही. म्हणून हुबेहूब हवंच असेल तर ते व्हरांड्यात, छपराखाली काढा. बाहेर नको.

या हुबेहूब चित्राच्या वाटेवरच्या वास्तववादाची, म्हणजे खरं जगणं आहे तसं काढण्याची, आणखी एक शिकवण मात्र बाहेरच्या भिंतीलाही घेण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये मिले या चित्रकाराने 1857 मध्ये कापणी झालेल्या शेतात सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या, वाकलेल्या, डोईला फडकं बांधलेल्या. इतक्या गरीब बायकांना इतकं मोठेपण द्यावं हे पॅरिसच्या बऱ्याच लोकांना खुपलं. त्या चित्राची छापील प्रत मी वर्गात दाखवतो तेव्हा एकतरी मुलगी म्हणतेच, माझी आजी अशीच वाकते. विषय कुठून घ्यायचा ते मिलेकडून शिकावं, रंगवायची रीत दुसरीकडून.

प्रभाववाद, म्हणजे त्या-त्या वेळचा उजेड छोट्या फटकाऱ्यांत पकडायची रीत, भिंतीसाठी नाही. फ्रान्सच्याच मोने या चित्रकाराने 1890-91 मध्ये गव्हाच्या गंज्यांची पंचवीसेक चित्रं काढली, सकाळची, धुक्यातली, बर्फातली, मावळतीची. प्रत्येकीत गंजी तीच, उजेड वेगळा. नळीत भरलेले तैलरंग 1841 पासून मिळू लागले होते, म्हणून रंग घेऊन शेतात बसणं सोपं झालं होतं. ही चित्रं हातभर अंतरावरच्या छोट्या फटकाऱ्यांची. ब्रशने चाळीस फूट भिंतीवर ते जमत नाही, आणि उन्हाने ते बारीक रंगभेद आधी उडतात. पण मुलांना कागद द्या आणि कुटाराचा, म्हणजे भुशाचा, एकच ढीग सकाळी, दुपारी, संध्याकाळी काढायला लावा. वर्षभरात याहून चांगला धडा मी दिलेला नाही.

घनवाद (वस्तू मोडून कोनाकोनांच्या आकारांत मांडणं) आणि अमूर्त (ओळखीची वस्तू न काढता नुसते रंग-आकार) यांबद्दल गावात बोलायला लोक बिचकतात. बिचकू नये, कारण हे आपल्यापासून लांबचं नाही. अमूर्त चित्रांसाठी जगभर नाव झालेले वासुदेव गायतोंडे 1924 मध्ये नागपुरात जन्मले. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले. मुंबईत 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा नव्या वाटेच्या चित्रकारांचा गट उभा राहिला तेव्हा रझांबरोबर त्यात अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडेही होते. रझांचा तो प्रसिद्ध बिंदू खेड्यातल्या शाळेतूनच आलेला : मन स्थिर राहीना म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितलं, असं ते सांगत. मग बाहेरच्या भिंतीवर बिंदू का नको? गोल, त्रिकोण, चौकोन भेगेलाही सामावून घेतात, पेंटरला सोपे जातात आणि अंगणवाडीची लेकरंही भरू शकतात. पण चाळीस फुटांवर नुसते आकारच असले तर गावाला ती भिंत आपली वाटत नाही, हे मी पाहिलंय. पहिली-दुसरीच्या खोलीची आतली भिंत याला योग्य. पिकासोचं 'गेर्निका' जवळजवळ आठ मीटर लांब आहे आणि मोडक्या आकारांतूनच स्पेनमधल्या त्याच नावाच्या गावावर झालेल्या 1937 च्या बॉम्बफेकीचा आकांत सांगतं. म्हणजे ही भाषा मोठी गोष्ट सांगू शकते. पण ती वाचायला शिकवणारं कुणी शाळेत रोज उभं असावं लागतं.

आता सगळ्यात जास्त निवडल्या जाणाऱ्या पर्यायाकडे येतो : वारली. स्वस्त, सुबक, पेंटरच्या फोनमध्ये तयार. आमची दुसरी चूक हीच. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रंगात तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती फेर धरलेली माणसं काढली. भिंत दिसायला छान झाली. मग चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, हे कोन वाजवून रायले?" त्या गावात कुणी तारपा पाहिलेला नव्हता. वारली चित्रं पालघर-डहाणूकडच्या वारल्यांची. तिथे लग्नात सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणली, तिला जगापुढे नेलं, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इतकं सगळं मागे असलेल्या चित्राचे नुसते काडीचे हातपाय उचलून आपल्या भिंतीवर लावले, तर ना वारल्यांचा मान राहतो ना आपल्या गावाचं काही सांगून होतं.

गोंड चित्राचंही तसंच, फक्त तिथे मोह जास्त होतो, कारण गोंड आपल्याकडेही आहेत. बाजारात गोंड म्हणून दिसणारी ठिपक्या-रेघांनी भरलेली हरणं-झाडं मध्य प्रदेशातल्या मंडला-डिंडोरीकडच्या परधानांची, म्हणजे गोंडांतल्याच एका समाजाची. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या तरुणाची चित्रं 1981 च्या सुमारास चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या नजरेस पडली, तो भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आला आणि तिथून ही शैली वाढली. तिथले चित्रकार आकार भरायला आपापली वेगळी नक्षी वापरतात, जणू सहीच. ती सही उचलू नये. तुमचं गाव गोंड, परधान किंवा कोलामांचं असेल तर आधी पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, म्हाताऱ्या बायांना विचारा, लग्नात, सणाला त्या भिंतीवर काय लिहीत होत्या. त्यांनी शिकवलं आणि हात लावला, तर माझ्या मते त्या भिंतीपुढे बाकी सगळे पर्याय मागे घ्यावेत.

भिंतीने गोष्ट सांगावी असं वाटत असेल तर मेक्सिकोकडे पाहा. क्रांतीनंतर, 1920च्या दशकात, तिथल्या सरकारने सार्वजनिक इमारतींच्या भिंती चित्रकारांना दिल्या. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने शिक्षण मंत्रालयात 1923 ते 1928 मध्ये शंभरावर चित्रं रंगवली : खाणकामगार, ऊस तोडणारे, आणि एका चित्रात उघड्या माळावर लहानथोरांना भोवती बसवून शिकवणारी बाई. लांब भिंतीवर एकामागून एक प्रसंग कसे मांडायचे ते इथे शिकावं. रिव्हेराच्याच न्यूयॉर्कच्या अनुभवातून दुसरी गोष्ट शिकावी. तिथल्या रॉकफेलर सेंटरमध्ये त्याने रशियाचा कम्युनिस्ट नेता लेनिन याचा चेहरा घातला, मालकाने काम थांबवलं आणि 1934 मध्ये भिंत फोडून टाकली. म्हणून कच्चं रेखाटन कागदावर काढून आधी ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठेवा. भिंत कोणा एका वॉर्डाची, एका गटाची दिसू लागली की पुढच्या निवडणुकीनंतर तिच्यावर चुना फिरतो. आमची तिसरी भिंत अशीच गेली.

शेवटचा पर्याय माझा स्वतःचा, आणि तो वाशिमपासून सुरू होतो. अजिंठ्याची बरीचशी उत्तम चित्रं पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. त्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. सोळावं लेणं त्याचा सचिव वराहदेव याने करवलं, तसा शिलालेख तिथे आहे. खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि तंतू, वर चुन्याचा पातळ हात. रंग गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती. दूरून आणलेला तेवढा निळा. आधी गेरूची रेषा, मग सपाट रंग, मग शेवटची ठाम रेषा. सगळं काम रेषेवर.

बंगालचे चित्रकार नंदलाल बोस 1909 ते 1911 च्या दरम्यान त्या चित्रांच्या नकला करायला अजिंठ्यात राहिले. तीच रेषा घेऊन पुढे त्यांनी 1938 मध्ये गुजरातमधल्या हरिपुऱ्यात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी पोस्टर्स रंगवली. सांगितलं होतं गांधीजींनी, जे तेव्हा आपल्या सेवाग्रामात राहत होते. साधे कागद, मातीचे रंग आणि विषय म्हणजे ढोल वाजवणारा, सुतार, कांडण करणारी बाई, बैलाला आवरणारा गडी. बऱ्याच चित्रांत आकृती एका कमानीत उभी. जाडी रेषा, तीन-चार सपाट रंग, झपझप हात. सभेला येणाऱ्या, चालता चालता पाहणाऱ्या लोकांसाठीच ती होती.

आपल्या भिंतीला हे सगळ्या अंगाने बसतं. दोन खिडक्यांमधली जागा म्हणजे आयती कमान. आठ कमानी काढा, विषय असे घ्या : पऱ्हाटी वेचणारी, डफ वाजवणारा दंडार या लोकनाट्यातला गडी, पोळ्याचा झूल घातलेला बैल, टोपली विणणारा बुरूड, हापशावरची मुलगी. एखाद्या कमानीत भेग गेली तर ती एकटी दुरुस्त होते, बाकी भिंतीला हात लागत नाही. लोहाचे मातकट रंग, म्हणजे गेरू, पिवळा, तपकिरी, आणि काळा उन्हात टिकतात. भडक गुलाबी आणि जांभळा दोन उन्हाळ्यांत फिके पडतात. रेषा शिक्षकाने किंवा पेंटरने मारावी, आतले सपाट रंग पाचवी ते सातवीच्या मुलांनी भरावेत.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. आधी भेगा बुजवा, प्राइमर द्या, मग बाहेरच्या भिंतीसाठी असतो तो इमल्शन रंग घ्या, ऑइल पेंट नको. खालचे दोन फूट नुसत्या गेरूच्या रंगाचे सोडा. तिथे लेकरं पाठ टेकतात आणि रात्री गुरं अंग घासतात.