पॅराफिनच्या कंटेनरमध्ये तेल निघालं, आणि दंड आयातदाराला

ऑफर अशी होती: फुली रिफाइन्ड पॅराफिन वॅक्स ५८/६०, तेल जास्तीत जास्त ०.५ टक्के, पांढरं शुभ्र दाणेदार, ५० किलोच्या ४४० गोण्या म्हणजे एका २० फुटी कंटेनरमध्ये २२ टन, दुबईहून न्हावा शेवापर्यंत सीआयएफ, म्हणजे जहाजभाडं आणि विमा धरून भाव. भाव बाजारापेक्षा टनामागे दीडशे डॉलरने कमी. ३० टक्के आगाऊ, उरलेले ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याची शिपिंग लाइनची पावती) स्कॅन प्रत मेलवर आल्यावर. सोबत युएईचं मूळ देशाचं प्रमाणपत्र, म्हणजे भारत-युएई सेपा या व्यापार कराराखाली ड्युटीत सवलतही पदरात. दिवाळीच्या तोंडावर मेणबत्तीच्या कारखानदाराला ३,३०० डॉलर वाचताना दिसले की बाकीचे प्रश्न मागे पडतात. इथेही तेच झालं. माल उतरला, कस्टम्सने नमुना काढला, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात तेल निघालं २.८ टक्के.

घेणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं नाव देत नाही. नाव बदलून हाच साचा पुन्हा वापरला जातो, म्हणून साचाच नीट पाहू.

५८/६० हा आकडा फक्त वितळबिंदूचा. तेलाबद्दल तो काहीही सांगत नाही. बाजारात फुली रिफाइन्ड म्हणजे साधारण ०.५ टक्क्यापर्यंत तेल. सेमी रिफाइन्डमध्ये दीड, तीन, कधी पाच टक्क्यांपर्यंतही असतं. स्लॅक वॅक्सला (ल्यूब तेल काढताना निघणारं तेलकट कच्चं मेण) ब्लीचिंग अर्थ (रंग शोषणारी माती) मारून रंग उडवला की सेमी रिफाइन्डही डोळ्याला पांढरं दिसतं. गोणीत हात घातला तर बोटांना किंचित तेलकट लागतं, दाणे मुठीत दाबले की एकमेकांना चिकटतात, आणि गोणीच्या आतल्या बाजूला शिवणीपाशी पिवळसर डाग असतो. या मालाची मेणबत्ती उन्हाळ्यात घाम सोडते, साच्यातून सुटायला त्रास देते, वातीजवळ धूर धरते. दिवाळीचा माल गिऱ्हाइकाकडून परत येतो तो यामुळे.

पण कारखान्यातलं नुकसान हा निम्माच भाग. दुसरा निम्मा कस्टम्समध्ये होतो. टॅरिफमध्ये, म्हणजे ड्युटीच्या कोडांच्या यादीत, पॅराफिन वॅक्सची रेघ तेलाच्या टक्क्यावरच आखलेली आहे: वजनाने ०.७५ टक्क्यांपेक्षा कमी तेल असेल तर २७१२.२०, तेवढं किंवा जास्त असेल तर २७१२.९०. विक्रेत्याने इनव्हॉइसवर २७१२.२० लिहिलं, सीएचएने (कस्टम्स एजंटने) तेच बिल ऑफ एन्ट्रीत (कस्टम्सकडे भरायच्या आयातीच्या कागदात) उतरवलं आणि माल निघाला २.८ टक्क्यांचा. आता वर्णनही चुकीचं, कोडही चुकीचा. कस्टम्स कायद्यात कलम १७ खाली स्वयं-निर्धारण आहे, म्हणजे बरोबर कोड लावायची जबाबदारी आयातदाराची. ‘सप्लायरने असंच लिहून दिलं होतं’ हे तिथे उत्तर होत नाही. कलम १११(एम) खाली माल जप्तीला पात्र ठरतो, १२५ खाली रिडेम्प्शन फाइन भरून सोडवावा लागतो, ११२ खाली दंड वेगळा. दोन्ही कोडांचा दर त्या दिवशी सारखा असला तरी खोट्या वर्णनाचा मुद्दा सुटत नाही. हे सगळं चालू असताना सीएफएसचं (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाचं) भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचा आकार) रोज चढत असतं.

विक्रेता या टप्प्यावर एक ठरलेलं वाक्य टाकतो: ‘सीआयएफमध्ये माल जहाजावर चढला की जोखीम तुमची.’ ही शुद्ध थाप आहे. सीआयएफमध्ये जोखीम जहाजावर हस्तांतरित होते ती प्रवासातल्या नुकसानीची. चढवतानाच करारापेक्षा वेगळा माल चढवला असेल तर तो करारभंगच. मात्र त्याच्या प्रोफॉर्मामध्ये (ऑर्डरआधीच्या कच्च्या बिलात) खाली बारीक अक्षरात ‘लोडिंग पोर्टवरची गुणवत्ता तपासणी अंतिम’ अशी ओळ असते, आणि तिथे सही केलेली असते. भांडण तिथेच हरलं जातं. विम्याचीही आशा धरू नका. सीआयएफमध्ये विक्रेत्याला किमान कव्हर म्हणजे क्लॉज सी घेणं पुरतं. त्यात आग, जहाज बुडणं वगैरे येतं. चोरी, पावसाचं पाणी येत नाही. मुळात तेलकट असलेलं मेण तर कुठल्याच क्लॉजमध्ये येत नाही.

आता विश्लेषण प्रमाणपत्र, म्हणजे सीओए. या मालाबरोबरही तो होता आणि नीट वाचला असता तर व्यवहार तिथेच थांबला असता. ‘निकाल’ या रकान्यातही ‘जास्तीत जास्त ०.५’ असंच छापलेलं होतं. खऱ्या चाचणीचा निकाल एक आकडा असतो, ०.३८ किंवा ०.४४ असा, मर्यादा पुन्हा लिहिलेली असेल तर चाचणी झालेलीच नाही असं धरून चाला. पद्धतीचा उल्लेखही नव्हता. पेट्रोलियम मेणातल्या तेलासाठी एएसटीएम डी ७२१, वितळबिंदूसाठी डी ८७, कंजीलिंग पॉइंटसाठी (मेण गोठायला लागतं ते तापमान) डी ९३८, सुईच्या पेनिट्रेशनसाठी (कडकपणाची चाचणी) डी १३२१ हे लिहिलेलं असायला हवं. शिवाय सीओएवरचा बॅच नंबर आणि गोणीवर छापलेला बॅच नंबर जुळतो का ते बघा. गोणीवर बॅच नंबरच नसेल तर तो कागद कुठल्याही मालाचा असू शकतो.

लोडिंगच्या वेळी तपासणी एजन्सी नेमायची असेल तर ती तुम्ही नेमा, पैसे तुम्ही द्या, अहवाल थेट तुम्हाला आला पाहिजे. विक्रेत्याने ‘आमचा नेहमीचा इन्स्पेक्टर’ म्हटलं की तो त्याचाच. आणि नमुना कंटेनर भरून झाल्यावर दारातून घ्यायचा नाही. दाराजवळच्या दोन-तीन ओळींत चांगला माल आणि आत सेमी रिफाइन्ड, ही जुनी चाल आहे. भरताना दर काही गोण्यांमागे एक गोणी उघडून नमुना, सगळे मिसळून तीन सीलबंद पाकिटं: एक प्रयोगशाळेला, एक तुम्हाला, एक एजन्सीकडे वादासाठी.

मूळ देशाचं प्रकरण याहून जड. इराणमध्ये ल्यूब रिफायनऱ्यांच्या स्लॅक वॅक्सपासून सेमी रिफाइन्ड पॅराफिन मोठ्या प्रमाणावर बनतं. ते बंदर अब्बासहून दुबईच्या जेबेल अली बंदरात येतं, तिथे गोण्या बदलतात, कागद बदलतात आणि ‘मेड इन युएई’ होतं. गोण्या बदलल्याने माल युएईचा होत नाही. सेपा १ मे २०२२ पासून लागू आहे, पण त्याआधीच, २०२० मध्ये, कस्टम्स कायद्यात कलम २८डीए आलं आणि २१ सप्टेंबर २०२० पासून मूळ देशाच्या पुराव्याबद्दलचे कॅरोटार नियम लागू झाले. सवलत मागताना मूळ देशाचे निकष कसे पूर्ण झाले याची माहिती आयातदाराकडे असायलाच हवी. नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. कस्टम्सने परदेशी प्राधिकरणाकडे पडताळणी मागितली आणि ती फसली, तर सवलतीची ड्युटी व्याजासकट परत भरावी लागते. माल इराणी निघाला तर तुमची बँकही वेगळे प्रश्न विचारते, कारण अमेरिकी निर्बंधांमुळे डॉलरमधले असे व्यवहार बँका टाळतात. ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याला एवढंच विचारा: कुठल्या कारखान्यात शुद्ध केलं, कच्चा माल कुठून आला, लेखी द्या. खरा उत्पादक हे देतो. ट्रेडर गप्प होतो किंवा भाव आणखी दहा डॉलरने उतरवतो.

‘तयार ब्लेंड’ म्हणून येणाऱ्या मेणात वेगळी मेख असते. नुसती खनिज मेणं एकमेकांत मिसळली किंवा रंगवली तर ती २७१२ मध्येच राहतात. पण पॅराफिनमध्ये स्टिअरिक ॲसिड किंवा रेझिन घातलं की प्रकरण ३४ च्या टीप ५ प्रमाणे ते ३४०४ मध्ये जातं. सोया वॅक्स मेण म्हणून विकलं जात असलं तरी ते हायड्रोजनेटेड तेल, म्हणजे १५१६. जळगावकडे पीव्हीसी पाइपवाल्यांना पीई (पॉलिइथिलीन) वॅक्स म्हणून जे खपवलं जातं त्यात बऱ्याचदा पॅराफिनची भर असते; ड्रॉप पॉइंट (मेण थेंब होऊन गळतं ते तापमान) तपासला की कमी भरतो, कारण शुद्ध पीई वॅक्सचा बहुधा १०० अंशांच्या वर असतो. खात्री नसेल तर महाग माल मागवण्यापूर्वी मुंबईच्या कस्टम्स ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. रोज आयात करणाऱ्याने एकदा ते करून टाकलेलं बरं.

वजनाची चोरी छोटी पण हमखास. ५० किलोच्या गोणीत ४९.३ किलो भरलं की ४४० गोण्यांत ३०८ किलो गायब. १ जुलै २०१६ पासून कंटेनर जहाजावर चढवण्यापूर्वी व्हीजीएम म्हणजे पडताळलेलं एकूण वजन द्यावंच लागतं. तो आकडा मागून घ्या, कंटेनरच्या दारावर लिहिलेलं टेअर (रिकाम्या कंटेनरचं) वजन आणि रिकाम्या गोण्यांचं वजन वजा करा, पॅकिंग लिस्टशी ताडा. पाच मिनिटांचं काम आहे.

७० टक्के पाठवण्यापूर्वी स्कॅन बिल ऑफ लेडिंगवर विसंबू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पाठवले जातात. कंटेनर नंबर (चार अक्षरं, सहा आकडे, शेवटी चौकटीतला तपास-अंक) शिपिंग लाइनच्या साइटवर स्वतः टाकून बघा. फॉरवर्डरचा (मधल्या वाहतूक एजंटचा) हाउस बीएल, म्हणजे त्याने स्वतः काढलेलं बिल ऑफ लेडिंग, असेल तर शिपिंग लाइनच्या मास्टर बीएलचा नंबर मागा. ट्रॅकिंगमध्ये कंटेनर कुठे भरला हेही दिसतं. मूळ देशाबद्दलची शंका कधी कधी तिथेच फिटते. ‘आमचं बँक खातं बदललं’ असा मेल आला तर जुन्या फोन नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक डॉलरही नाही. एलसी (कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी) काढली तरी निर्धास्त होऊ नका: बँक कागद बघते, माल बघत नाही. म्हणून तुमच्या एजन्सीचा तपासणी अहवाल हे एलसीतलं बंधनकारक कागदपत्र करून घ्या.

आणि शंकेचा माल बंदरात येऊन उभा राहिलाच, तर? बिल ऑफ एन्ट्री फर्स्ट चेकवर भरा. म्हणजे आधी तपासणी आणि नमुना, मग निर्धारण. कलम ४६ मध्येही सोय आहे: पूर्ण माहिती देता येत नाही असं लिहून देऊन निर्धारणापूर्वी अधिकाऱ्यासमोर माल बघता येतो. या कंटेनरमध्ये एवढं केलं असतं तर चुकीच्या वर्णनाचा ठपका टळला असता. फर्स्ट चेकला वेळ लागतो म्हणून सीएचए नाक मुरडतात; पण दंडाची नोटीस त्यांच्या नावावर येत नाही. बिल ऑफ एन्ट्री मात्र उशिरा भरू नका, पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये लेट फी लागते.

पैसे गेले आणि माल आलाच नाही, तर पहिल्या काही तासांत बँकेकडून स्विफ्ट रिकॉल (पाठवलेले पैसे परत मागवणं) आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार, दोन्ही एकाच वेळी. बँकेच्या आयडीपीएमएस या आयात-व्यवहारांच्या नोंदप्रणालीत आगाऊ रकमेची नोंद उघडी राहते, ती बंद करण्यासाठी एफआयआर आणि पत्रव्यवहाराची प्रत लागेल, तेव्हा मेल आणि चॅट डिलीट करू नका. माल आला पण हलक्या प्रतीचा निघाला, तर डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) गुणवत्ता तक्रारी आणि व्यापार तंटे या यंत्रणेकडे परदेशी विक्रेत्याविरुद्धही तक्रार देता येते. तिथे सीलबंद पाकिटातला नमुना, सीओए आणि डी ७२१ चा स्वतंत्र अहवाल हे तीन पुरावे एकत्र ठेवा. नुसता ‘माल खराब आला’ असा अर्ज तिथे पडून राहतो.