क्रिकइन्फो आणि स्टॅट्सगुरू: 'बाहेरून आलेले' प्लेअर शोधायला कितपत कामाचं?

सरळ सांगतो, क्रिकइन्फोला, म्हणजे क्रिकेटचे स्कोअर आणि आकडे ठेवणाऱ्या साईटला, माझ्याकडून पाचपैकी चार, एक स्टार कशासाठी कापला ते खाली येईलच. स्कोअर बघण्यासाठीचा हा रिव्ह्यू नाहीये हां, स्कोअर आता कुठेही दिसतो, गुगलवर टीमचं नाव टाकलं की वरतीच येतो. मी ही साईट वापरतो ती वेगळ्याच कामाला, एका देशात जन्मून दुसऱ्याच देशाकडून खेळलेले प्लेअर धुंडाळायला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्ल्ड कपला हा वाद पेटतोच, इंग्लंडची टीम उसनी, अमेरिकेची टीम म्हणजे आपलीच ब टीम, न्यूझीलंडवाले आफ्रिकेची पोरं पळवतात वगैरे वगैरे. आणि पुरावा म्हणून जो तो प्लेअरच्या प्रोफाईलचा स्क्रीनशॉट टाकतो, जन्म अमुक ठिकाणी, झालं, जिंकलो. माझं म्हणणं एवढंच की ज्या ओळीवरून तुम्ही भांडताय ती त्या पानावरची सगळ्यात कमी कामाची ओळ आहे. त्याच पानावर थोडं खाली 'टीम्स' म्हणून यादी असते, कोणाकोणाकडून खेळला, अंडर-१९ कुठे, लोकल कुठे, ती वाचा की राव.

आता बघा, ६ जून २०२४, डॅलसजवळचं ग्रँड प्रेअरी, टी-२० वर्ल्ड कप, अमेरिका विरुद्ध पाकिस्तान. स्कोअरकार्ड उघडा. पाकिस्तान ७ बाद १५९, अमेरिका ३ बाद १५९, मग सुपर ओव्हर (मॅच टाय झाली की दोघांना एकेक जादा ओव्हर), त्यात अमेरिका १८ आणि पाकिस्तान १३. आणि आता एकेका नावावर क्लिक करत जा, तासभर कुठे गेला कळणार नाही. शेवटच्या बॉलला चौका मारून मॅच टाय करणारा नितीश कुमार, जन्म कॅनडाचा, २०११ चा वर्ल्ड कप कॅनडाकडून खेळलेला. कोरी अँडरसन क्राइस्टचर्चचा, हाच तो ज्याने २०१४ च्या १ जानेवारीला क्वीन्सटाउनला वेस्ट इंडिजला ३६ बॉलमध्ये सेंच्युरी ठोकली होती, न्यूझीलंडकडून. कॅप्टन मोनांक पटेल आणंदचा. आणि खरी गंमत पुढेच आहे, पाकिस्तानच्या तीन विकेट काढणारा नोस्तुश केंजिगे, त्याच्या नावापुढे जन्म अलाबामा, अमेरिका! म्हणजे ग्रुपच्या हिशोबाने हा अस्सल अमेरिकन. पण पोरगा वाढला कर्नाटकात, चिकमगळूर आणि बंगळुरूला, बॉलिंग शिकला तिथेच. ॲरन जोन्सचं तसंच, जन्म न्यूयॉर्कचा, क्रिकेट सगळं बार्बाडोसचं. म्हणजे जन्मगाव बघून 'बाहेरचा' ठरवणार असाल तर हे दोघे घरचे निघतात, आता बोला.

आणि सौरभ नेत्रावळकर. त्याच्याबद्दल मराठी लोकांना मी काय सांगणार, सुपर ओव्हर टाकली ती यानेच. पण त्याची टीम्सची यादी वाचताना मजा येते, भारत अंडर-१९ (२०१० चा वर्ल्ड कप), मुंबई (रणजीची एकच मॅच), आणि मग थेट अमेरिका. मध्ये कॉर्नेलमधलं शिक्षण आणि ओरॅकलची नोकरी, ते अर्थातच यादीत नाही. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला भारताविरुद्धच्या मॅचमध्ये कोहली पहिल्याच बॉलवर गेला, बॉलर नेत्रावळकर, आणि मग ती दुसरी विकेट, रोहित शर्मा झेल हरमीत सिंग गोलंदाज नेत्रावळकर ३. तिघंही मुंबईचे! हरमीत पण मुंबईतच जन्मलेला आणि २०१२ चा अंडर-१९ वर्ल्ड कप भारताकडून जिंकलेला. पुढे सूर्यकुमारचा कॅच सुटला तो पण नेत्रावळकरच्याच हातून, मुंबईच्या मैदानांवरचे जुने साथीदार, आणि सूर्या नाबाद ५० करून मॅच घेऊन गेला. स्कोअरकार्डात सुटलेला कॅच दिसत नाही, त्यासाठी बॉल-बाय-बॉल कॉमेंट्री वाचायची, ती जुन्या मॅचची पण साठवून ठेवलेली असते, हा मोठा प्लस पॉइंट. आणि हो, ज्यांना जन्मगावाचं फार कौतुक आहे त्यांनी रोहितचं प्रोफाईल उघडावं, तिथे नागपूर लिहिलंय. बोरिवलीत वाढलेल्या माणसाला कोणी विदर्भाचा म्हणतं का?

स्टॅट्सगुरू हा याच साईटचा दुसरा भाग, म्हणजे तुम्ही टीम, विरुद्ध टीम, ग्राउंड, साल, घरी की बाहेर असं निवडायचं आणि ते आकडे गाळून देतं. दिसायला एकदम सरकारी फॉर्म, पहिल्यांदा उघडलं की माणूस पळूनच जातो, पण एकदा हात बसला की सुटत नाही. एजाज पटेलवर लावून बघा. जन्म मुंबई, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला. डिसेंबर २०२१, वानखेडे, एका इनिंगमध्ये दहाच्या दहा, ११९ रन देऊन, जिम लेकर आणि कुंबळेनंतर तिसराच. लगेच न्यूझीलंडचा डाव ६२ वर संपला आणि मॅच ३७२ रननी हरले, आणि त्याहून भारी म्हणजे पुढच्या घरच्या सिरीजला एजाज टीममध्येच नाही. मग नोव्हेंबर २०२४ ला परत वानखेडे, यावेळी ११ विकेट, न्यूझीलंड २५ रननी जिंकलं आणि आपल्याला आपल्याच घरी ३-० धुतलं. आता ग्राउंडमध्ये वानखेडे निवडा, दोन टेस्ट, २५ विकेट, ॲव्हरेज १५.४०. आणि मग 'घरी' निवडा, म्हणजे न्यूझीलंडमध्ये, त्या सिरीजपर्यंत शून्य. एकही नाही. हा फिल्टर लावल्यावर जे समोर येतं ते कुठल्या बातमीत वाचून एवढं पोचत नाही. आता याला मुंबईचा म्हणायचं का? टीम्सच्या यादीत मुंबई नाहीच, कारण शिकला तो सगळा ऑकलंडला, आधी फास्ट बॉलर होता, स्पिनकडे वळला तो तिथेच. नेत्रावळकर आणि एजाज दोघांच्या प्रोफाईलला जन्माची ओळ सेम टू सेम, पण एकाचं क्रिकेट मुंबईचं आणि दुसऱ्याचं नाही.

त्याच २०२१ च्या सिरीजचा तो फोटो आठवतो ना, चौघं पाठमोरे उभे, जर्सीवरची नावं ओळीने वाचली की अक्षर, पटेल, रवींद्र, जडेजा. त्यातला रचिन रवींद्र जन्माने वेलिंग्टनचा, म्हणून तो या भानगडीत बसतच नाही, आणि शेजारचा एजाज बसतो. आणि कानपूरला शेवटच्या विकेटसाठी किल्ला लढवून मॅच ड्रॉ केली ती याच दोघांनी.

इंग्लंडवाल्या वादाकडे येतो कारण सगळ्यात जास्त धुरळा तिथेच उडतो. १४ जुलै २०१९, लॉर्ड्स, वर्ल्ड कपची फायनल. मॉर्गन डब्लिनचा, स्टोक्स क्राइस्टचर्चचा, जेसन रॉय डर्बनचा, आर्चर ब्रिजटाउनचा. चार नावं टाकली की 'बघा उसनी टीम' म्हणायला मोकळे. पण यादी वाचा. स्टोक्सचे वडील रग्बी लीगचे कोच, त्यांना इंग्लंडात काम मिळालं, पोरगा तेव्हा बाराचा, पुढचं सगळं कम्ब्रिया आणि डरहॅम. त्याला न्यूझीलंडने घडवला असं म्हणणं म्हणजे उगाच. मॉर्गन मात्र वेगळा, आयर्लंडने हातात बॅट दिली, आयर्लंडकडून अंडर-१९ खेळला, २००६ ला आयर्लंडकडूनच वनडे पदार्पण केलं आणि पहिल्याच मॅचला ९९ वर रनआउट. आर्चर तर वेस्ट इंडिज अंडर-१९ खेळलेला, वडील इंग्लिश म्हणून पासपोर्ट होता, पण इंग्लंड बोर्डाचा नियम सात वर्षं राहण्याचा, तो त्यांनी २०१८ च्या शेवटी तीनवर आणला, आणि मे २०१९ मध्ये पोरगा टीममध्ये, जुलैत सुपर ओव्हर त्याच्याच हातात. तुम्हाला चीड आणायचीच असेल तर आर्चरच्या केसमध्ये आणा, स्टोक्सच्या नको, आणि हा फरक कळतो तो टीम्सच्या यादीवरूनच.

मॉर्गनचं अजून एक. त्याचे वनडेत एकूण ७७०१ रन, त्यातले ७४४ आयर्लंडचे. स्टॅट्सगुरूमध्ये टीम वेगळी निवडून हे सुटं करता येतं. मी मध्यंतरी एक पैसे घेणारं ॲप वापरलं, नाव नको, दिसायला चकाचक, पण त्यात मॉर्गनच्या नावापुढे फक्त इंग्लंडचा झेंडा आणि सगळे रन एकाच डब्यात. सपोर्टला विचारलं तर 'तुमचा अभिप्राय नोंदवला आहे'. बरं, नोंदवा. सबस्क्रिप्शन बंद केलं.

जुनी स्कोअरकार्डं हे खरं धन. ओव्हल, ऑगस्ट १९६८, ऑस्ट्रेलियाविरुद्ध बेसिल डॉलिव्हेरा १५८. ओव्हल, सप्टेंबर २००५, ऑस्ट्रेलियाविरुद्ध केविन पीटरसन १५८. तेच ग्राउंड, तीच टीम समोर, तोच आकडा, आणि दोघंही दक्षिण आफ्रिकेत जन्मून इंग्लंडकडून खेळणारे. पण डॉलिव्हेराला त्याच्या देशात गोरा नाही म्हणून गोऱ्यांच्या टीममध्ये खेळायचीच बंदी, म्हणून तो आला. १५८ करूनही आफ्रिका दौऱ्याच्या टीममधून आधी वगळला, मग टीममधला कार्टराइट जखमी झाला म्हणून घेतला, आणि तिकडच्या पंतप्रधान फॉर्स्टरने सांगितलं की ही टीम आम्हाला चालणार नाही, दौराच रद्द. १९७० नंतर थेट १९९१ पर्यंत या वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका इंटरनॅशनल क्रिकेटमधून बाहेर. पीटरसन गेला तो तिकडच्या कोटा पद्धतीवर (टीममध्ये गोरे नसलेल्यांसाठी राखीव जागा) चिडून, आई इंग्लिश असल्याने वाट सोपी झाली. दोघांच्या प्रोफाईलला शहर वेगळं पण देश एकच, आणि कारणं किती उलटी. प्रोफाईलच्या वरच्या ओळींत हे मावणारच नाही, त्यासाठी साईटवरचे जुने लेख शोधायला लागतात, आहेत भरपूर, शोधायची चिकाटी हवी.

बाकी भराभर. सिकंदर रझा सियालकोटचा, पाकिस्तान एअर फोर्समध्ये पायलट व्हायचं होतं, डोळ्यांच्या तपासणीत अडकला, झिम्बाब्वेचा झाला, आणि २०२२ ला पर्थमध्ये पाकिस्तानला एका रनने हरवलं तेव्हा ३ विकेट त्याच्याच. न्यूझीलंडचा ग्रँट एलियट जोहान्सबर्गचा, २०१५ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला ऑकलंडमध्ये डेल स्टेनला सिक्स मारून आफ्रिकेला घरी पाठवलं, तो स्कोअरकार्डही उघडा. २०१५ लाच यूएईचा कीपर होता स्वप्निल पाटील, आपला वसईचा. ऑस्ट्रेलियाकडून खेळणारा टिम डेव्हिड सिंगापूरचा.

आता तो कापलेला स्टार. स्टॅट्सगुरूमध्ये शंभर प्रकारचे फिल्टर आहेत पण 'जन्म एका देशात, खेळला दुसऱ्याकडून' असं थेट विचारायचा रकाना नाही. दोन देशांकडून खेळलेल्यांची यादी रेकॉर्ड्समध्ये तयार मिळते, त्यात मॉर्गन, केप्लर वेसल्स, थोरले पतौडी सगळे सापडतात (पतौडी १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलियातल्या बॉडीलाईन सिरीजमध्ये इंग्लंडकडून सेंच्युरी मारून १९४६ ला भारताचे कॅप्टन, काय माणूस असेल), पण एजाज किंवा ऑस्ट्रेलियाचे ख्वाजा, लाबुशेन त्यात येणार नाहीत कारण ते एकाच देशाकडून खेळले. त्यांना एकेक करून उघडायला लागतं. आयसीसीचा नियम तसा साधा आहे, तिथे जन्म, नाहीतर तिथलं नागरिकत्व, नाहीतर सलग तीन वर्षं मुक्काम, यातलं काहीही एक चालतं. कोणता प्लेअर यातल्या कुठल्या दाराने आत आला एवढी एक ओळ प्रोफाईलवर टाकली असती तर आमच्या ग्रुपचे निम्मे वाद जागेवर मिटले असते.

तरी चार स्टार देतो, कारण ही साईट मुळात घर सोडून गेलेल्यांनीच उभी केलीय. १९९३ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा युनिव्हर्सिटीत सायमन किंग नावाचा ब्रिटिश संशोधक आणि त्याच्यासारखेच स्कोअरसाठी तडफडणारे बाहेरदेशी शिकायला गेलेले लोक, त्यांनी आपापसात मेसेज करून स्कोअर टाकायला सुरुवात केली, ईएसपीएन वगैरे २००७ ला आलं. पैसे एक रुपया लागत नाही.

वापरायचंच असेल तर फोनवर नको, लॅपटॉपवर उघडा, स्टॅट्सगुरूचे रकाने बोटाने टिपताना वैताग येतो. आणि सुरुवात इंग्लंडपासून करू नका, आपल्याच टीमपासून करा. रॉबिन सिंग उघडा, जन्म त्रिनिदाद, १९८९ ला भारताकडून पहिली वनडे खेळला ती पण पोर्ट ऑफ स्पेनलाच, वेस्ट इंडिजविरुद्ध. मग १९३२ च्या आपल्या पहिल्यावहिल्या टेस्टमधला लाल सिंग, क्वालालंपूर. मग अशोक गंडोत्रा, रिओ दि जानेरो. हे तीन स्क्रीनशॉट आमच्या ग्रुपवर टाकले तेव्हा उसन्या टीमवाले काका दोन दिवस फक्त गुड मॉर्निंगच पाठवत होते.