फुकटचं वायफाय, १८,४०० रुपयांना

मुलाच्या ॲडमिशनसाठी पुण्याला गेलो होतो. साताऱ्याच्या एसटीला वेळ होता म्हणून स्वारगेटजवळ एका हॉटेलात मिसळ मागवली. दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपलेला, नेट नुसतं रांगत होतं. वायफाय चालू केलं तर यादीत हॉटेलचं नाव दोनदा. एकापुढे कुलूप, दुसरं उघडं. मी अर्थातच उघडं धरलं.

लगेच एक पान आलं. वर हॉटेलचं नाव, खाली ‘पडताळणीसाठी कार्डावरून १ रुपया भरा, लगेच परत मिळेल’. एका रुपयाला कोण विचार करतो? कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. ओटीपी तर टाइपही करावा लागला नाही. कीबोर्डच्या वर फोननेच आणून ठेवला, मी बोट लावलं. मेसेज उघडला असता तर १ रुपयाच्या जागी १८,४०० दिसले असते.

शिल्लक पाहिली ती एसटीत, शिरवळ गेल्यावर. तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवली, कार्ड बंद केलं. बँकेत साहेबांचं एकच पालुपद, “ओटीपी तुम्हीच दिलात.” खोटं नव्हतं. पैसे अजून आलेले नाहीत.

मला वाटत होतं, कुणीतरी हवेतून डेटा पळवला. भाचा नेटवर्किंगमध्ये आहे, तो हसला. “मामा, बँकेच्या ॲपचा मजकूर वायफायवरूनही कुलूपबंदच जातो. कुठली साइट उघडली एवढं वायफायवाल्याला कळू शकतं, ते तर मोबाइल कंपनीलाही कळतं. तुम्ही त्याच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिलंत.”

फोर-जीत सिम आणि नेटवर्क आधी एकमेकांची ओळख पटवतात, म्हणे. जुन्या टू-जीत फोन टॉवरची ओळख विचारतच नाही, खोटा टॉवरही खपून जातो, म्हणून त्याने माझ्या फोनमधलं टू-जी बंद केलं. तुमच्या फोनमध्ये सोय असेल तर तुम्हीही करा. वायफायचं नाव मात्र कुणीही काहीही ठेवावं. त्याने स्वतःच्या हॉटस्पॉटला त्या हॉटेलचं नाव दिलं, आणि अर्ध्या मिनिटात माझ्या यादीत ते पुन्हा हजर! अर्थात तेच पान एसएमएसच्या लिंकवरून आलं असतं तर मोबाइल डेटावरही मी फसलोच असतो.

पुढच्या खेपेला हॉटेलात जाऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या वायफायला पासवर्ड आहे की. तो काय.” मी बसलो होतो त्याच टेबलामागे, दरपत्रकाखाली, कागद चिकटवलेला होता.