तयार गेमिंग पीसी: आठ महिने वापरून झाल्यावर

२०२४ च्या दसऱ्याला आमच्या घरात सोनं आलं नाही, काचेचा डबा आला. समोर तीन रंगीबेरंगी पंखे, बाजूला काच, आणि आत नेमकं काय आहे ते खोक्यावर कुठेच छापलेलं नाही. हे जून २०२५ मध्ये लिहितो आहे. या आठ महिन्यांत तो डबा मी दोनदा रिक्षात घालून दुकानात नेला, तीन-चारदा स्वतः उघडला आणि जवळजवळ रोज रात्री दहा ते बारा त्यावर खेळलो. एवढ्या ओळखीवर लिहायला हरकत नाही.

मी बेचाळीस वर्षांचा, पुण्यात धायरीत राहणारा, दिवसभर हिशेबाच्या वह्यांत असणारा माणूस. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून रोड रॅश खेळायचो, त्यानंतर थेट आता. भाचा म्हणत होता, "मामा, तू पार्ट घे, मी येऊन जोडून देतो." पण त्याची परीक्षा, माझं ऑफिस, आणि एखादा पार्ट खराब निघाला तर कोणाच्या दारात जायचं हा प्रश्न. सुट्या पार्टांचं कोटेशन ७७,८०० होतं, जोडलेला तयार पीसी ८६,५००. वरचे ८,७०० म्हणजे जोडणावळ, असं मी मनाशी धरलं आणि पैसे दिले. (काउंटरवर "काका, बिल पाहिजे का?" असं विचारलं गेलं. पाहिजेच. त्या बिलानेच पुढे मला वाचवलं.)

जाहिरातीत चार गोष्टी मोठ्या अक्षरांत होत्या: रायझन ५ ७६०० (प्रोसेसर, म्हणजे पीसीचा मेंदू), आरटीएक्स ४०६० (गेमचं चित्र काढणारं ग्राफिक कार्ड), १६ जीबी डीडीआर५ (मेमरी), १ टीबी एसएसडी (गेम साठवायची जागा). या चारही खऱ्या निघाल्या, त्याबद्दल तक्रार नाही. मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड), एसएमपीएस (आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा), कूलर, पंखे यांची नावं मात्र नव्हती. तेव्हा ते खटकलं नाही, कारण भाजी घेताना कोणी पिशवीचा ब्रँड विचारत नाही.

पहिल्याच रात्री गेम अडखळत, फोटो एकामागून एक दाखवल्यासारखा चालला. ८६ हजार पाण्यात, असं वाटून मी व्हिडिओ कॉल लावला. भाच्याने मागची बाजू दाखवायला सांगितली आणि हसायला लागला. मॉनिटरची वायर मी मदरबोर्डाच्या उभ्या एचडीएमआयमध्ये लावली होती, खालच्या ग्राफिक कार्डात नाही. या प्रोसेसरमध्ये कामापुरतं ग्राफिक्स आत असतं, त्यामुळे चित्र दिसतं आणि चूक लपते. आत ग्राफिक्स नसलेला ७५००एफ प्रोसेसर असता तर पडदा काळाच राहिला असता आणि मी दहा मिनिटांत शहाणा झालो असतो. त्याच कॉलमध्ये दुसरं कळलं: १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ चित्रं दाखवणारा मॉनिटर विंडोजने ६० वर ठेवला होता. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने बदलावं लागतं.

नंतर विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला, तिथे कोणता पार्ट कसा चालतो ते दिसतं. मेमरीच्या पानावर लिहिलेलं होतं: दोनपैकी एक स्लॉट वापरात, वेग ४८००. म्हणजे १६ जीबीची एकच पट्टी, आणि पट्टी ६००० ची असून बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे पट्टी पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालूच केलेलं नव्हतं. ते चालू करायला दोन मिनिटं लागतात. दुकानात ती दोन मिनिटं कोणी दिली नव्हती. पट्टी एकच असली की प्रोसेसरला मेमरीकडून माल आणायला निम्माच रस्ता मिळतो. मी जानेवारीत तशीच दुसरी पट्टी ४,१०० ला घेतली. सेकंदाला किती चित्रं दिसतात त्या आकड्याने सरासरी फार उडी मारली नाही, पण गर्दीच्या जागी गेम मध्येच गचका खायचा तो जवळजवळ गेला. हा एक खर्च मी डोळे मिटून पुन्हा करेन.

एसएसडीचीही गंमत. १ टीबी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ते ठीक, मोजण्याच्या पद्धतीचा फरक. पण दुकानातल्या मुलाने सवयीने सी ड्राइव्ह १२० जीबीची आणि उरलेली डी अशी वाटणी करून दिली होती. रेड डेड रिडेम्पशन २ एकटाच दीडशे जीबी जागा मागतो. विंडोज अॅक्टिव्हेट केलेलं नव्हतं, कोपऱ्यात पुसट अक्षरं. विचारलं तर, "काका, चालतं की सगळं." मी लायसन्स घेतलं, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं आणि एकच ड्राइव्ह ठेवली. वायफाय बोर्डावर नव्हतंच. राउटरपासून आईच्या देवघराशेजारून केबल ओढली आहे. आईचं म्हणणं, निदान उदबत्तीचा स्टँड तरी हलवू नकोस.

आता खरी गोष्ट, एसएमपीएसची. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुण्यात कोणाला नव्याने सांगायला नको. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी वीज आली, मी बटण दाबलं, पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले. पुन्हा तेच. रिक्षा, दुकान. "लाइटीमुळे गेलंय काका, वॉरंटीत बसत नाही." मी बिल पुढे केलं: संपूर्ण पीसीला एक वर्ष, त्यात लाइटीचा अपवाद लिहिलेला नव्हता. बरीच बाचाबाची झाली. सतरा दिवसांनी पुन्हा त्याच अनोळखी कंपनीचा एसएमपीएस बसवून द्यायला निघाले. तो मी नाकारला आणि फरकाचे २,६०० भरून पाच वर्षं वॉरंटी असलेला ६५० वॅटचा घेतला.

इथे थोडा हिशेब, कारण माझा तोच धंदा. ४०६० ला जास्तीत जास्त ११५ वॅट लागतात, या प्रोसेसरला भरात असताना ८८, बाकी सगळं मिळून पन्नासेक. म्हणजे अडीचशेच्या आसपास. जुन्यावर ५५० छापलेलं होतं, म्हणजे कागदावर दुपटीहून जास्त. तरी गेला. वॅटचा आकडा कोणीही छापू शकतो. आणि एसएमपीएसवरचा ब्रॉन्झचा शिक्का म्हणजे वीज किती कमी वाया जाते याचा दाखला, आतला माल किती टिकेल याचा नव्हे. दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात. त्याच आठवड्यात तपकीर गल्लीतून (पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार) बरा एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि ११०० व्हीएचा यूपीएस घेतला. वीज गेल्यावर खेळायला नव्हे, सेव्ह करून शांतपणे बंद करायला.

त्या भांडणात अजून एक कळलं. ग्राफिक कार्डाला ते बनवणाऱ्या कंपनीची तीन वर्षं वॉरंटी असते, पण खोकं दुकानाने ठेवून घेतलं होतं. मागितल्यावर दिलं. प्रोसेसरचं खोकं नव्हतंच, कारण तो ट्रेमधला, म्हणजे खोक्याशिवाय सुटा आलेला होता, आणि रायझन बनवणाऱ्या एएमडीची तीन वर्षं वॉरंटी खोक्यातल्या प्रोसेसरला असते. दसऱ्यानंतर तो गेला तर माझा मी.

मग एप्रिल. पारा चाळिशीला टेकला आणि पंखे असे ओरडायला लागले की बायको आतून म्हणाली, "अहो, मिक्सर बंद करा." प्रोसेसर ९० च्या वर जात होता. ९५ पर्यंत तो सोसतो, पण आवाज मला सोसवत नव्हता. दोष निम्मा माझा, कारण डबा टेबलाखालच्या बंद कप्प्यात ठेवला होता. निम्मा कॅबिनेटचा: समोर अख्खी काच, हवा शिरायला कडेने बोटभर फट. ते तीन पंखे शोभेचे, काचेवर वारा घालत बसलेले. डबा उघड्यावर ठेवला, जाळीतली धूळ रंगाच्या ब्रशने काढली (सिंहगड रोडच्या बांधकामाची धूळ आमच्या घरात भाडं न देता राहते), आणि उन्हाळाभर बाजूची काच काढून ठेवली. सात-आठ अंशांचा फरक पडला.

गेमबद्दल थोडक्यात, कारण तिथे तक्रार नाहीच. १०८० च्या (फुल एचडी) पडद्यावर सायबरपंक २०७७ हाय सेटिंगला, डीएलएसएस क्वालिटीवर (कार्ड लहान चित्र काढून ते मोठं करतं ती सोय) लोण्यासारखा चालतो. एल्डन रिंग सेकंदाला ६० चित्रांवर बांधलेला आहे, तिथे १६५ हर्ट्झचा मॉनिटर असून नसल्यासारखा. व्हॅलोरंट भाचा आला की खेळतो आणि मी बघतो. कार्डाची ८ जीबी मेमरी मात्र नव्या गेममध्ये भरते, टेक्स्चर (चित्रातल्या पृष्ठभागांचा बारकावा) एक पायरी खाली आणावं लागतं. १४४० चा, म्हणजे फुल एचडीहून बारीक चित्राचा मॉनिटर घ्यायचं डोक्यात असेल तर या कार्डावर घेऊ नका.

तर ८,७०० ची ती जोडणावळ नव्हतीच. पट्टी, एसएमपीएसचा फरक, लायसन्स आणि यूपीएस धरला तर वरून तेवढेच आणि थोडे जास्त गेले. तरी माझ्यासारख्याने तयार घेऊच नये असं मी म्हणणार नाही. एसएमपीएस गेला तेव्हा मला एकाच माणसाशी भांडावं लागलं, पाच जणांशी नाही. पुन्हा घेतला तर फक्त प्रत्येक पार्टाचं नाव आणि सिरीयल नंबर बिलावर लिहून घेईन, रिकामी खोकी मागेन आणि पुढे जाळी असलेलं कॅबिनेट निवडेन. नावं लिहून द्यायला जो काचकूच करेल, त्याच्या दुकानातून तिथल्या तिथे बाहेर.

गेल्या आठवड्यापासून समोरच्या तिसऱ्या पंख्याचा दिवा लाल लुकलुकतो आहे. वॉरंटीत बसेल. पण पुन्हा रिक्षा, पुन्हा सतरा दिवस. लुकलुकू दे.