नोकरी बदलायची, क्षेत्र बदलायचं की कामच?

‘आता बदल हवा’ असं म्हणणाऱ्या माणसाला नेमकं काय बदलायचंय, हे विचारलं की उत्तर क्वचितच एका दमात येतं. साहेब नको असतो, पगार पुरत नाही, कामात राम उरलेला नाही, आणि हे सगळं एकाच उसाशात बाहेर पडतं. पण नोकरीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. जागा म्हणजे कंपनी, साहेब, टीम. क्षेत्र म्हणजे ती कंपनी ज्या धंद्यात आहे तो धंदा. आणि काम म्हणजे तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रत्यक्ष जे करता ते. यातलं प्रत्येक बदलण्याची किंमत वेगळी आहे. माझं मत ठाम आहे: जे दुखतंय तेवढंच बदला, आणि काम व क्षेत्र दोन्ही एकदम बदलायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका.

कुठे दुखतंय हे शोधायला आठवडाभर रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा: आज काय केलं आणि ते करताना कसं वाटलं. समजा एकाने लिहिलं, ‘महिन्याचा रिपोर्ट बनवला, आकडे जुळले तेव्हा बरं वाटलं. साहेबांनी तीनदा परत पाठवला, जीव नकोसा झाला.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘रिपोर्ट सुरू करायलाच दुपार उजाडली. कुणी काही बोललं नाही, तरी दिवसभर डोकं जड.’ दोघंही म्हणतील की नोकरीला कंटाळलोय. पण पहिल्याची जागा चुकली आहे, काम नाही. दुसऱ्याला कितीही चांगला साहेब मिळाला तरी तो रिपोर्ट त्याच्या मानगुटीवर बसणारच.

त्याच कंपनीत दुसरी टीम, की थेट नवी कंपनी?

पगारवाढ हवी असेल तर बाहेर पडा, हा सल्ला सगळेच देतात आणि तो खोटा नाही. व्हार्टन स्कूल या अमेरिकी व्यवस्थापन संस्थेतले मॅथ्यू बिडवेल यांनी अमेरिकेतल्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेच्या नोंदी तपासून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरून आलेल्यांना, त्याच पदावर आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त पगार मिळत होता. सल्ला देणारे इथेच थांबतात. त्याच अभ्यासात पुढे असंही आढळलं की पहिली दोन वर्षं बाहेरून आलेल्यांच्या कामाचं मूल्यमापन आतल्यांपेक्षा कमी भरलं आणि त्यांच्यावर नोकरी जाण्याची वेळही जास्त प्रमाणात आली.

असं का होतं, याचा अंदाज संशोधक बोरिस ग्रॉयसबर्ग आणि सहकाऱ्यांच्या कामावरून येतो. अमेरिकेतल्या इन्व्हेस्टमेंट बँकांमधले हजाराहून जास्त नामांकित शेअर विश्लेषक त्यांनी अभ्यासले. कंपनी बदलल्यावर ४६ टक्के जणांची कामगिरी पुढच्या वर्षी खालावली. माणूस तोच, काम तेच, तरीही. आपल्या हुशारीचा मोठा भाग जुन्या जागेत मुरलेला असतो: कुणाला फोन केला की अडलेलं काम सुटतं, कोणता आकडा विश्वासाचा, कुणाशी सकाळी बोलायचं आणि कुणाशी अजिबात नाही. हे सीव्हीवर येत नाही आणि सोबतही येत नाही. आपली टीम घेऊन गेलेल्यांना हा फटका कमी बसला, यावरूनही हेच दिसतं.

म्हणून त्रास एका साहेबापुरता किंवा एका प्रोजेक्टपुरता असेल तर आधी आतली बदली मागून पाहा. पगार फारसा वाढणार नाही, पण जम बसवायला पुन्हा सुरुवात करावी लागणार नाही. पूर्ण कंपनीचीच हवा बिघडली असेल, पगार थकत असतील, चुकीच्या कागदांवर सही करायला लावत असतील, तर मात्र आतल्या बदलीच्या नादी लागू नका. बाहेर पडा.

बाहेर पडणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या संशोधनात व्यवस्थापकांचं नोकरीतलं समाधान कंपनी बदलल्यावर उसळलं आणि पुढे पुन्हा खाली आलं. तेव्हा नव्या जागेतले पहिले महिने छान गेले म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका, आणि नवलाई ओसरली म्हणजे निर्णय चुकला असंही नाही.

काम तेच, क्षेत्र नवं

हा पर्याय मला सगळ्यात जास्त आवडतो, आणि लोक त्याचाच सगळ्यात कमी विचार करतात. वाहनांच्या कारखान्यातला खरेदी अधिकारी कायम वाहनांच्या कारखान्यातच अर्ज करत राहतो, कारण ‘माझा अनुभव ऑटोचा’. खरंतर त्याचा अनुभव खरेदीचा आहे: पुरवठादार पारखणं, भाव पाडून घेणं, माल वेळेत आणणं. हॉस्पिटललाही हे लागतं आणि कॉलेजलाही.

गुएर्गी काम्बुरोव्ह आणि युरी मनोव्स्की या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये अमेरिकी कामगारांच्या पगारांचा अभ्यास मांडला. एकाच प्रकारच्या कामात पाच वर्षं काढल्याने पगारात १२ ते २० टक्के भर पडते, असं त्यांना आढळलं. हा परिणाम लक्षात घेतल्यावर त्याच मालकाकडे किंवा त्याच उद्योगात किती वर्षं काढली याला फारसं वजन उरत नव्हतं. म्हणजे तुमच्या पगारात भाव असतो तो मुख्यतः कामाच्या अनुभवाला. क्षेत्र बदललं तर थोडं शिकावं लागतं, नवे शब्द, नवे नियम, पण पाटी कोरी होत नाही.

ज्याला कामाचा कंटाळा नाही पण आपला उद्योगच आटत चाललाय असं दिसतंय, त्याने या पर्यायाशिवाय दुसरा विचारच करू नये.

कामच बदलायचं असेल तर

इथे किंमत मोठी आहे आणि ती आधीच नीट मोजावी. वर सांगितलेली पाच वर्षांची भर हातची जाते. हुद्दा खाली येऊ शकतो, वयाने लहान माणूस साहेब होऊ शकतो. शिक्षणाचा खर्च वेगळाच. घरी कर्जाचे हप्ते असतील तर हे एकट्याने ठरवायचं प्रकरण नाही; घरच्यांसोबत कागदावर हिशेब मांडा आणि कमी पगारात किती महिने निभतील ते बघा.

पण रोजच्या दोन ओळींमध्ये कामच टोचताना दिसत असेल, तर ही किंमत मोजण्यासारखी आहे. फक्त पद्धत बदला. आपण बहुतेक जण आधी मनाशी ‘मला नक्की काय व्हायचंय’ हे पक्कं करू पाहतो आणि त्यातच वर्षं घालवतो. करिअर बदललेल्या लोकांचा अभ्यास करणाऱ्या हर्मिनिया इबारा यांना उलटा क्रम दिसला: लोक आधी छोटे प्रयोग करतात आणि त्यातून त्यांना उत्तर सापडतं. तेव्हा मोठी फी भरून कोर्सला बसण्याआधी ते काम छोट्या प्रमाणात करून पाहा. सुट्टीच्या दिवशी एखादं लहान काम घ्या, त्या व्यवसायातल्या माणसासोबत एक दिवस काढा. आणि त्याला ‘तुमच्या कामात काय आवडतं?’ यापेक्षा ‘कालचा दिवस कसा गेला?’ हे विचारा. खरी कटकट त्या उत्तरात कळते.

सीव्हीही नव्याने लिहावा लागेल. ‘गणित शिक्षिका, इयत्ता आठवी ते दहावी’ ही ओळ शाळेला पुरते. तीच बाई एखाद्या कंपनीत प्रशिक्षणाच्या कामासाठी अर्ज करत असेल तर ‘चाळीस जणांच्या गटाला अवघड विषय टप्प्याटप्प्याने शिकवला, दर महिन्याला चाचणी घेऊन मागे पडलेल्यांसाठी वेगळी तयारी करून घेतली’ असं लिहायला हवं. शब्द फुगवायचे नाहीत, केलेलं काम दिसेल असं लिहायचं.

शोधायचं कुठे?

काम तेच ठेवणाऱ्यांना जॉब पोर्टलचा उपयोग होतो, कारण तिथली चाळणी जुन्या हुद्द्यावरच चालते. काम बदलणाऱ्याचा अर्ज त्याच चाळणीत अडकतो. त्याला माणसंच लागतात, आणि अगदी जवळची पुरत नाहीत. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या लेखात दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त सुमारे १७ टक्क्यांची ती ओळख नेहमीच्या भेटीगाठींतली होती. बाकीची माणसं अधूनमधून किंवा क्वचित भेटणारी. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही मध्यम-दूरच्या ओळखीच सर्वांत उपयोगी ठरल्या. कारण साधं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. तेव्हा जुना सहकारी, वर्गात मागे बसणारी मैत्रीण, चार वर्षांपूर्वीचा क्लायंट, यांना निःसंकोच मेसेज करा. नोकरी मागू नका, वीस मिनिटं बोलायला मागा.

मधला रस्ता

काम आणि क्षेत्र दोन्ही बदलायची खरोखर इच्छा असेल तर ते दोन टप्प्यांत करा. कारखान्याच्या अकाउंट्समधल्या माणसाला हॉस्पिटल चालवण्याच्या कामात जायचं असेल, तर आधी हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये जावं. पगार बहुतेक टिकतो, क्षेत्र कळतं, लोक तुमचं काम पाहतात. मग वर्ष-दोन वर्षांनी आतल्या आत व्यवस्थापनाकडे बदली मागायची. वेळ जास्त जातो, पण घर चालू राहतं.

मात्र हा रस्ता प्रत्येक संस्थेत उघडा नसतो. म्हणून पहिल्या टप्प्याच्या इंटरव्ह्यूमध्येच विचारा: ‘गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडे अकाउंट्समधून दुसऱ्या विभागात कुणी गेलंय का, आणि त्यांच्याशी मला बोलता येईल का?’ उत्तरात ‘तशी पॉलिसी आहे’ एवढंच आलं आणि एकाही माणसाकडे बोट दाखवता आलं नाही, तर त्या ऑफरकडे फक्त अकाउंट्सची नोकरी म्हणूनच बघा, आणि तशी ती हवी आहे का ते ठरवा.